तेलविहिरीचा गाळ पहिल्याच फेरीत का पकडायचा

आपल्या वावरात साडेसहा इंची बोअर ३०० फूट मारला, तर वर आलेला दगड, अख्खा धरला तर, पाऊण ब्रासही भरत नाही. धुऱ्यालगत पसरून दिला की दोन पावसाळ्यांत त्याची खूण उरत नाही. तेलासाठी खोदणारी रिग सव्वाबारा इंची भोक एक किलोमीटर खोल नेते, तेव्हा नुसता अख्खा दगड धरला तरी तो ७६ घनमीटर होतो. म्हणजे जवळपास २७ ब्रास, वजनाने २०० टनांच्या आसपास. फोडलेला दगड जास्त जागा धरतो, वरून ओलाही असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला ढीग आणखी मोठा. शिवाय तेलविहीर एका किलोमीटरवर सहसा थांबत नाही, आणि तिचे वरचे टप्पे साडेसतरा इंची किंवा त्याहूनही रुंद असतात.

हा सगळा दगड वर आणतो तो एक पातळ चिखल. रिगवर त्याला मड म्हणतात. विदर्भात तेल निघत नाही, हे खरं. पण आयटीआय किंवा डिप्लोमा करून आपल्याकडची पोरं मेहसाणा, अंकलेश्वर, बाडमेर, आसाम, मुंबई हाय इथल्या रिगवर कामाला जातात आणि नवा गडी पुष्कळदा आधी शेकरपाशीच, म्हणजे मडमधले दगडाचे तुकडे गाळणाऱ्या हलत्या चाळणीपाशीच, उभा केला जातो. तिकडे वणी, चंद्रपूर, उमरेडच्या पट्ट्यात कोळशाच्या शोधासाठी खोदाई होते, तिथेही बेंटोनाइट नावाच्या फुगणाऱ्या चिकणमातीचं मड आणि मशीनशेजारी खणलेला खड्डा असतो, फक्त लहान प्रमाणात. ज्याच्या वावरात मशीन उभी राहते त्याला तो खड्डा कशाचा आहे आणि एवढा मोठा का आहे, हे समजलंच पाहिजे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, विहिरीशेजारचा खड्डा किती मोठा होणार हे खड्ड्यापाशी ठरत नाही, ते शेकरच्या जाळीवर ठरतं.

मड काय काय करतं

बोअरच्या मशीनमध्ये कॉम्प्रेसरची हवा भुगा वर फेकते. तेलविहिरीत हे काम मडवर असतं. पंप ते पोकळ पाइपातून खाली ढकलतो, ते बिटच्या (पाइपाच्या टोकाशी दगड फोडणाऱ्या दातेरी तोंडाच्या) छिद्रांतून जोराने बाहेर पडतं, तळाचे दगडाचे तुकडे उचलतं आणि पाइप व विहिरीची भिंत यांच्यामधल्या जागेतून वर येतं. या तुकड्यांना कटिंग्ज म्हणतात. वर आलेलं मड साफ करायचं आणि पुन्हा खाली सोडायचं, हा फेरा रात्रंदिवस चालतो.

वाटेत ते बिट थंड ठेवतं. भिंतीवर पातळ लेप बसवून पाणी खडकात मुरू देत नाही. पंप थांबला की ते जरा घट्ट होतं, म्हणून अर्ध्या वाटेतले तुकडे खाली बसत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःच्या वजनाने खालचा वायू आणि तेल दाबून धरतं. एक हजार मीटर पाण्याचा तळाशी दाब साधारण १०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर होतो. मड पाण्याच्या १.२ पट जड असेल तर तोच १२० होतो. हा दाब खडकातल्या दाबापेक्षा कमी पडला तर वायू आत शिरतो. फार जास्त झाला तर खडक फाटतो आणि मडच आत निघून जातं. या दोन टोकांच्या मधल्या पट्टीत राहून खोदायचं असतं.

मडचा पाया बहुतेक वेळा पाणी आणि बेंटोनाइट. बेंटोनाइट आपल्याकडे कच्छ आणि बाडमेरहून येतं. त्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, आणि आपल्या काळ्या जमिनीतली चिकणमातीही त्याच स्मेक्टाइट कुळातली. पावसात जी जमीन फुगते, पायाला चिकटून येते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, तोच गुण मडला घट्टपणा देतो. १९०१ साली टेक्सासमध्ये स्पिंडलटॉपला तेलाचा मोठा फवारा उडाला. ती विहीर खोदताना वाळू ढासळत होती, तेव्हा डबक्यात गुरं फिरवून पाणी गढूळ केलं आणि तेच आत सोडलं, अशी आठवण या धंद्यात अजून सांगतात. आज मड जड करायला बॅराइट या वजनदार खनिजाची पूड घालतात. ती आंध्रातल्या मंगमपेटच्या खाणीतून येते आणि पाण्याच्या ४.२ पट जड असते.

म्हणजे मडमध्ये दोन तऱ्हेचे घन पदार्थ असतात. बेंटोनाइट आणि बॅराइट हे आपण विकत घेऊन घातलेले. खोदताना मिसळलेला दगड-मातीचा भुगा हा न मागता आलेला. लढाई या दुसऱ्याशी आहे.

बारीक झालेला कण

न मागता आलेला भुगा मडमध्ये राहिला तर बिघडतं काय? पाण्यात ५ टक्के दगडाचा भुगा असेल तर मड पाण्याच्या १.०८ पट जड होतं. १० टक्के झाला की १.१६ पट. आकडे लहान दिसतात, पण २००० मीटरवर तळाचा दाब २१६ वरून २३२ वर जातो. हे १६ किलो कुणी ठरवून चढवलेले नसतात. खडक कच्चा असेल तर तेवढ्याने फाटतो आणि मड गायब व्हायला लागतं. शिवाय भिंतीवरचा लेप जाड आणि भुसभुशीत होतो. पाइप थांबलेला असताना विहिरीतला दाब त्याला त्या लेपात दाबून बसवतो, आणि मग पाइप वरही येत नाही, फिरतही नाही. पाइप सोडवण्यात दिवसच्या दिवस जातात, कधी तो तसाच सोडून बाजूने नवं भोक न्यावं लागतं. वाळू पंपाचे लायनर आणि पिस्टन खाते ती वेगळी. खोदाईचा वेगही पडतो.

पण खरा घात कणाच्या संख्येत आहे. एक सेंटिमीटर बाजूचा दगडाचा घन घ्या. त्याच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ मिळून ६ चौरस सेंटिमीटर. तोच दगड मायक्रॉनभर बाजूच्या कणांमध्ये दळला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर कण होतात एक लाख कोटी आणि त्यांचं एकूण क्षेत्रफळ ६ चौरस मीटर, एका छोट्या खोलीच्या फरशीएवढं. दगड तेवढाच, वजन तेवढंच, पृष्ठभाग दहा हजार पट. त्या सगळ्या पृष्ठभागाला पाणी लागतं. मोकळं पाणी कमी होतं आणि मड दाट होत जातं.

दळतं कोण? आपणच. जो तुकडा पहिल्या फेरीत बाहेर काढला नाही, तो पंपातून पुन्हा खाली जातो, बिटच्या छिद्रातून मारा होऊन बाहेर पडतो, फिरत्या पाइपाशी घासत वर येतो. दरेक फेरीला तो आणखी बारीक होतो. आज जाळीवर सहज अडकला असता असा कण चार फेऱ्यांनंतर कुठल्याच यंत्राला सापडत नाही. म्हणून पहिली फेरी.

चाळणीपासून सेंट्रिफ्यूजपर्यंत

अकोल्याच्या डाळमिलमध्ये काम केलेल्याला ही मांडणी लगेच कळेल: आधी हलती चाळणी, मग चाळणीला न सापडणाऱ्या कोंड्या-धुळीसाठी गोल फिरवणारा सायक्लोन. रिगवर धान्य आणि हवेच्या जागी मड असतं, एवढाच फरक.

विहिरीतून आलेलं मड आधी शेल शेकरवर पडतं. मोटरने थरथरणाऱ्या चौकटीवर ताणून बसवलेली स्टीलची बारीक जाळी. मड खाली गळतं, तुकडे पुढे सरकत कडेवरून पडतात. जाळीला नंबर असतो. २०० नंबरची जाळी साधारण ७५ मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीइतके. नंबर वाढला की जाळी बारीक. सगळ्या यंत्रांत विहिरीतून येणारं सगळंच्या सगळं मड हाताळणारं हे एकच यंत्र आहे, आणि तुकडा अजून मोठा असताना त्याला भेटणारंही हे पहिलंच.

शेकरपाशी उभं राहिलं की काय बघायचं? मडचं तळं जाळीच्या निम्म्या-पाऊण लांबीपर्यंत असावं आणि पुढचा भाग कोरडा दिसावा, तिथे तुकडे सुटे होऊन सरकताना दिसावेत. तळं अगदीच मागे राहिलं तर जाळी आणखी बारीक चालेल, असा त्याचा अर्थ. मड कडेपर्यंत येऊन सांडायला लागलं तर जाळी भरली आहे किंवा त्या प्रवाहासाठी फार बारीक आहे. जाळी पाण्याने धुणं, बदलणं ही कामं कंटाळवाणी, रात्री तीन वाजताही करावी लागणारी. त्या वेळी बायपासचं गेट उघडून मड सरळ टाकीत सोडण्याचा मोह होतो. तासाभराचा बायपास म्हणजे त्या तासाचा सगळा दगड मडमध्ये कायमचा मिसळणं. फाटकी जाळीही तेच करते. बोटभर फाटलेल्या जागेतून मड सर्वात सोपी वाट धरतं. मला विचाराल तर जाळीच्या कपाटाची चावी ज्याच्याकडे असते, त्याच्या हातात विहिरीचा निम्मा खर्च असतो.

शेकरखालच्या पहिल्या टाकीत जड वाळू आपोआप बसते. मडमध्ये वायू असेल तर तो डिगॅसरमध्ये काढतात, नाहीतर पुढचे पंप हवा धरतात. मग येतात शंकूच्या आकाराचे डिसँडर आणि डिसिल्टर. मड कडेने जोरात आत शिरतं, गोल फिरतं, जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खालच्या तोंडातून बाहेर पडतात, साफ मड मधून वर निघतं. दहा-बारा इंची शंकू ५० मायक्रॉनच्या आसपासचे कण काढतो, चार इंची शंकू २०-२५ पर्यंत जातो.

शंकू नीट चाललाय का, हे बघायला यंत्र लागत नाही. खालच्या तोंडातून छत्रीसारखा पसरट फवारा पडत असेल आणि तोंडाशी बोट नेल्यावर हवा आत ओढली जाताना जाणवत असेल, तर ठीक. धार दोरीसारखी जाड आणि सलग पडायला लागली की समजायचं, शंकूवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त माल येतोय. बघणाऱ्याला वाटतं, वा, केवढा गाळ निघतोय! पण त्याच वेळी बराच गाळ वरून साफ मडमध्ये परत जात असतो. दोरी दिसली की दोष बहुतेकदा मागे, शेकरच्या जाळीत सापडतो.

बॅराइट घातलेल्या मडला डिसिल्टर तसाच लावता येत नाही. बॅराइटचे बरेचसे कण त्याच मापाचे असल्यामुळे महागाची पूडच बाहेर फेकली जाते. तिथे डिसिल्टरखाली बारीक जाळी लावलेला मड क्लीनर वापरतात. सर्वात शेवटी सेंट्रिफ्यूज, जो मिनिटाला हजारो फेरे घेऊन पाचेक मायक्रॉनपर्यंत पोचतो. दोन मायक्रॉनच्या खाली यंत्रांचं फारसं चालत नाही. तिथे रसायन टाकून कणांच्या गुठळ्या कराव्या लागतात, किंवा ताजं मड मिसळून गाळाचं प्रमाण उतरवावं लागतं.

अडतीस टँकर

हे ताजं मड मिसळणं दिसायला सोपं. त्याचा हिशेब मांडून बघा, ढोबळच पण डोळे उघडणारा. तोच सव्वाबारा इंची, एक किलोमीटरचा टप्पा, ७६ घनमीटर दगड. मडमधला नको असलेला भुगा ५ टक्क्यांवर ठेवायचा आहे. यंत्रांनी ८५ टक्के दगड काढला तर मडमध्ये ११.४ घनमीटर उरतो. तो ५ टक्के भरायचा तर एकूण मड लागेल २२८ घनमीटर. यंत्रांकडे दुर्लक्ष झालं आणि ६० टक्केच निघाला, तर उरतो ३०.४, आणि मड लागतं ६०८ घनमीटर. फरक ३८० घनमीटरचा.

दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे ३८ टँकर होतात. मे महिन्यात ज्या गावात टँकर येतो, तिथल्या कुणालाही या आकड्याचा अर्थ सांगायला नको. आणि हे पाणी वापरून संपत नाही. बेंटोनाइट, बॅराइट, रसायनं मिसळून ते मड बनतं, टाक्यांमध्ये मावत नाही, आणि खड्ड्यात जातं. १३० ब्रासहून जास्त जागा, फक्त जाळीच्या हलगर्जीसाठी.

हे वेळेत कळावं म्हणून रिगवर साध्या चाचण्या असतात. सरकारी रिगवर त्या केमिस्ट करतो, खासगी ठिकाणी मड इंजिनिअर. वाळूची चाचणी तर कुणीही शिकावी. खाली निमुळती होत गेलेली काचेची नळी असते. खुणेपर्यंत मड, पुढच्या खुणेपर्यंत पाणी, तोंडावर अंगठा ठेवून जोरात हलवायचं. ते २०० नंबरच्या छोट्या गोल जाळीवर ओतायचं, पाण्याने धूत राहायचं, निथळ येईपर्यंत. मग जाळी फनेलवर उलटी करून वर उरलेली वाळू पाण्याने नळीत परत उतरवायची. ती तळाच्या निमुळत्या भागात बसते आणि टक्के तिथेच वाचता येतात. अर्ध्या-एक टक्क्याच्या वर गेलं की शेकरकडे धावायचं. एकूण घन पदार्थ मोजायला मड रिटॉर्टमध्ये तापवून पाणी आणि तेल वेगळं करतात, उरलं ते घन. त्यात बेंटोनाइटसारखी चिकणमाती किती, हे मिथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगाने कळतं. माती जितकी जास्त, तितका रंग ती शोषते.

खड्डा आणि काळी जमीन

केंद्र सरकारने २००५ साली तेल-वायूच्या खोदाईतल्या कटिंग्ज आणि मडसाठी नियम केले. जमिनीवरच्या विहिरींसाठी त्यांचा गाभा असा: पाण्याचंच मड वापरायचं. डिझेलवर बनवलेल्या मडला बंदी. खडकच अवघड असेल तर कमी विषारी तेलाचं मड, ज्यात अ‍ॅरोमॅटिक घटक एक टक्क्याहून कमी. कटिंग्ज धुवायच्या, आणि निरुपयोगी मड पाणी न झिरपणारं अस्तर घातलेल्या, झिरपा गोळा करण्याची सोय असलेल्या खड्ड्यात टाकायचं. बॅराइटमध्ये पारा किलोमागे १ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमच्या वर नको. काम संपल्यावर जागा पूर्ववत करून द्यायची. तेल मिसळलेलं मड, आणि पाण्याच्या मडखेरीज इतर मडच्या कटिंग्ज, २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतात. त्यांना साध्या खड्ड्यात जागाच नाही.

पाण्याचं मड म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र समजू नये. शेल (थराथराचा चिकणमातीचा खडक) फुगू नये म्हणून त्यात पोटॅशियम क्लोराइड घालतात. हेच आपल्या कृषी केंद्रात मिळणारं म्युरेट ऑफ पोटॅश. मडमध्ये ते ५ टक्के असलं तरी एका घनमीटरला ५० किलो, म्हणजे अख्खी बॅग. आपण जी बॅग एकरभर पुरवतो, ती इथे एका घनमीटरात. मघाच्या ३८० घनमीटरात ३८० बॅगा. तेल डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं आणि जिवाणू ते हळूहळू खातातही. क्लोराइड दिसत नाही, सडत नाही, पाण्याबरोबर उताराच्या विहिरीकडे चालत जातं.

काही मडमध्ये सोडियमचे क्षार असतात. सोडियम काळ्या मातीला काय करतं, हे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला नव्याने सांगावं लागत नाही. माती विरघळल्यासारखी होते, पाणी वर साचून राहतं, खाली मुरत नाही, वाळली की कडक ढेकूळ. जमीन चोपण होते आणि ती सुधारायला जिप्सम घालून वर्षं मोजावी लागतात.

एक युक्तिवाद कानावर येतो, की काळी माती स्वतःच पाणी धरून ठेवते, खड्ड्याला प्लास्टिकचं अस्तर कशाला? ओल्या मातीपुरतं ते पटण्यासारखं आहे. पण उन्हाळ्यात हीच माती मीटरभर किंवा त्याहूनही खोल फाटते, आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं. खड्ड्याच्या काठाला भेगा पडल्या तर मडही त्याच वाटेने जाणार. काळ्या जमिनीत अस्तर जास्त लागतं, कमी नाही.

वरचे नियम तेल-वायूसाठी लिहिलेले आहेत. कोळशाच्या शोधासाठी वावरात मशीन येणार असेल, तरी करार करताना हेच मागावं: खड्ड्याला अस्तर, वरची फूटभर सुपीक माती वेगळी काढून झाकून ठेवणं, मडमध्ये काय काय घातलं त्याची लेखी यादी, आणि काम संपल्यावर गाळ उचलून नेणं. गाळ आहे तिथेच वरून माती ओढून बुजवू देऊ नये. नांगर फिरला की तो पुन्हा वर येतो.

मशीन येण्याआधी खड्ड्याच्या जागेचा आणि उताराकडच्या कोपऱ्याचा मातीचा नमुना घ्यावा, विहिरीचं पाणी बाटलीत भरून घ्यावं आणि जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तपासून घ्यावं. मातीची क्षारता, विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण आणि पाण्यातलं क्लोराइड, एवढं मागितलं तरी पुरे. संपृक्त मातीच्या अर्कात मोजलेला क्षारतेचा आकडा ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेला की जमीन खारवट धरतात, सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं की चोपण. पहिला नमुना हातात नसेल तर नंतर कितीही भांडलं तरी "तुमची जमीन आधीपासूनच अशी होती" याला उत्तर राहत नाही. दुसरा नमुना खड्डा बुजवल्यावर लगेच घेऊ नये, एक पावसाळा जाऊ द्यावा, आणि तो त्याच जागांवरून, तेवढ्याच खोलीवरून घ्यावा.